द्वारकेवर ओरडून सांगितलेला रिपोर्ट

तुमच्या हातात नुकताच एखादा रिपोर्ट पडला असेल, त्यातलं इंग्रजी कळत नसेल आणि समजावून सांगणारा माणूस पुढच्या पेशंटला हाक मारून मोकळा झाला असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. मी डॉक्टर नाही. नाशिकला द्वारकेवर, म्हणजे द्वारका चौकात, माझं ट्रक बुकिंगचं ऑफिस आहे. लासलगावचा कांदा आणि पिंपळगावकडची द्राक्षं बाहेरगावी न्यायला गाड्या लावून देणं हा माझा धंदा. त्यामुळे कुठली गोळी किती घ्यायची हे मला विचारू नका. मला सांगायचंय ते एका शब्दाबद्दल. त्या शब्दानं एकाच दुपारी माझा जीव वाचवला आणि अब्रू घालवली.

डॉक्टर म्हणाले, बसा

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. मी चाळिशीच्या आतबाहेर. डाव्या बरगडीखाली काहीतरी जड वाटायचं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. रात्री घामानं उशी ओली. मी म्हणायचो, उन्हाळा आहे. बायको, अलका, म्हणायची, "पोट पुढं येतंय आणि गालफडं आत चाललीत. हे कसलं सुटणं म्हणायचं?"

इंदिरानगरमधल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट दाबलं आणि त्यांची बडबड एकदम थांबली. हा माणूस तपासताना कायम क्रिकेटवर बोलायचा. सोनोग्राफीत पाणथरी, म्हणजे प्लीहा, भलतीच वाढलेली निघाली आणि रक्तात पांढऱ्या पेशी उदंड. रिपोर्ट घेऊन गेलो तर म्हणाले, "बसा." डॉक्टर उभ्याउभ्या बोलत असले की साधं दुखणं समजावं. बसा म्हणाले की बसायच्या आधीच कळतं.

"ब्लड कॅन्सरचा एक प्रकार वाटतोय," ते म्हणाले.

मला वाटलं होतं असं काही ऐकल्यावर माणूस रडत असेल. मी विचारलं, "स्कूटर चालवत घरी जाऊ ना?" अलकानं माझ्या हातातून किल्ली काढून घेतली आणि डॉक्टरांना म्हणाली, "पुढं काय करायचं ते मला सांगा. यांना आत्ता काही ऐकू येणार नाही." खरोखरच येत नव्हतं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

तुमच्याबरोबर असं कोणी असेल तर त्याला केबिनबाहेर बसवू नका. पेशंटच्या कानांचा त्या दिवशी काही भरवसा नसतो.

खूण

मुंबईच्या हॉस्पिटलात रक्ताच्या आजारांच्या एक मॅडम होत्या. त्यांनी कमरेच्या हाडातून मगज काढला. दुखतं. नाही दुखत असं जो सांगतो त्याचा काढलेला नसतो. पण दोन-तीन मिनिटांत आटपतं आणि मग बाहेरच्या बाकावर बसून वडापाव खाता येतो. मी खाल्ला.

मॅडमनी कागदावर दोन काड्या काढल्या. म्हणाल्या, पेशीच्या आत अशा जोड्या असतात. तुमच्यातल्या दोन काड्या तुटल्या असाव्यात आणि एकीचा तुकडा दुसरीला चिकटला असावा.

"म्हणजे ह्या ट्रकची चासी त्या ट्रकच्या इंजिनाला," मी म्हणालो.

त्या हसल्या. "आणि जोडताना ब्रेक राहून गेला. म्हणून पेशी थांबतच नाहीत, वाढत सुटतात."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही नवलाचं वाटतं. पूर्वी औषध सगळ्यांना सरसकट द्यायचे आणि कोणाला लागू पडतंय त्याची वाट बघायचे. ह्या आजारात उलटं झालं. शास्त्रज्ञांना आधी ही चुकीची जोडणी, म्हणजे आजाराची खूण, सापडली. मग कितीतरी वर्षं खपून त्यांनी बरोबर त्या जोडणीवर जाऊन बसणारी गोळी बनवली. गोळी करून बघितली तीही अशी खूण असलेल्या पेशंटांवर, आणि ती काम करतेय का हे त्याच खुणेवरून मोजलं. आता माझ्या रक्तात ती खूण असेल तर गोळी माझी. नसेल तर ती गोळी मला चण्याफुटाण्यासारखी, आणि मग पुढचे रस्ते फार अवघड होते.

"टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आपलं नशीब," मॅडम म्हणाल्या.

मी म्हणालो, "म्हणजे देवाकडं पॉझिटिव्ह मागायचं?"

"तेच मागा."

लासलगावला माझे थोरले भाऊ, दादा, कांद्याच्या व्यापारात आहेत. त्यांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं. म्हणाले, "आमच्यात बी तसंच हाय की. गोल्टीचं, बारक्या कांद्याचं, गिऱ्हाईक येगळं, मोठ्या मालाचं येगळं. आधी माल बघायचा, मग गाडी भरायची." त्या आठवड्यात अलका कॉलनीतल्या गणपतीपुढं रोज उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "पॉझिटिव्ह येऊ दे रे बाबा." शेजारी उभ्या असलेल्या बायका तिच्याकडं बघायच्या. तेव्हा आमच्या हे लक्षात आलं नाही.

द्वारका

दिवसभर ऑफिसात बसणारा माणूस मी, म्हणून हॉस्पिटलला ऑफिसचाच नंबर देऊन ठेवला होता. आता द्वारकेचा चौक तुम्ही बघितला असेलच. चारी बाजूंनी गाड्या आणि प्रत्येकाचा अंगठा हॉर्नवर. फोनवर माणूस साधं बोलूच शकत नाही, त्याला ओरडावंच लागतं.

दुपारी फोन आला. ऑफिसात चार-पाच ड्रायव्हर मालाची वाट बघत बसले होते.

"काय? ऐकू येत नाही! पॉझिटिव्ह? नक्की पॉझिटिव्ह?"

पलीकडून मॅडमच्या हाताखालच्या डॉक्टर म्हणाल्या, नक्की. मी रिसीव्हर ठेवला, टेबलावर थाप मारली आणि डोळ्यांत पाणी आणून ओरडलो, "पॉझिटिव्ह आलं रे! माझं पॉझिटिव्ह आलं!"

सगळ्यांत जवळ बसलेल्यानं खुर्ची जरा मागं सरकवली.

तो काळ तुम्हाला आठवतो का? मुंबई-आग्रा रोडवर ढाब्याढाब्यांवर एड्सच्या पाट्या रंगवलेल्या होत्या. ड्रायव्हरांत त्या शब्दाला एकच अर्थ होता. तो ज्याला लागला त्याच्या शेजारी कोणी क्लीनर झोपत नसे. आणि मी तो शब्द पेढे वाटल्याच्या थाटात ओरडलो होतो. वर म्हणालो, "चला, सगळ्यांना चहा!"

आमच्याकडं चहा एकट्यानं कोणी पीत नाही. एक चहा दोघांत. एकाला कप, दुसऱ्याला बशी. चहा आला. एक म्हणाला, त्याला ॲसिडिटी झालीय. दुसरा म्हणाला, "शेठ, आज उपास हाय." चहाचा उपास मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. गंमत म्हणजे त्यांच्या डोक्यावर भिंतीला एका संस्थेनं चिकटवलेलं पोस्टर होतं, की एकत्र चहापाण्यानं हा आजार पसरत नाही. मीच ते लावू दिलं होतं. मी धडपडत सांगायला लागलो, अरे हे ते नाही, हा ब्लड कॅन्सर आहे, यात पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. जितकं सांगत गेलो तितकं ते मला सारवासारवीसारखं वाटायला लागलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकेक जण गाडीचं ऑइल बघायला म्हणून उठला.

गुलाब तेवढा बसून राहिला. गुलाब हा माझ्याकडं सगळ्यांत जुना ड्रायव्हर, चांदवडकडचा, बोलायला कमी. त्यानं माझ्या कपातला चहा बशीत ओतून घेतला, फुंकर मारली आणि प्यायला.

अलकाचा प्रश्न

आमच्या गाड्या लासलगावला जायच्या, त्यामुळे बातमी माझ्याआधी तिथं पोचली. वहिनींनी अलकाला फोन केला तेव्हा त्या रडत होत्या. अलकानं हसत हसत त्यांना सगळं समजावलं. संध्याकाळी मला सांगतानाही हसली. आम्ही दोघं फार दिवसांनी पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या एवढ्या टेस्टा झाल्या. त्यात ती पण केली होती ना?"

"कुठली?"

"तीच."

मला काय झालं ते सांगता येत नाही. कॅन्सर ऐकलं तेव्हा जे आतून हललं नव्हतं ते तेव्हा हललं. मी म्हणालो, "केली होती. ती सगळ्यांचीच करतात. निगेटिव्ह आहे."

तिनं मेथीची जुडी संपवली. मग म्हणाली, "राग आला?"

"आला."

"येऊ दे. द्वारकेवरच्या ट्रान्सपोर्टवाल्याशी संसार करतेय मी. काल विचारणार होते, पण हसत होतात, जिवावर आलं. विचारलं नसतं तर पोटात राहिलं असतं आणि मी तुमची सेवा करत राहिले असते तोंड दाबून. तसली सेवा हवी होती का तुम्हाला?"

नको होती. मी दिवसभर फुगून होतो हे खरं. पण आज सांगतो, आजारपणात घरच्यांच्या मनात जे येतं ते त्यांना विचारू द्या. आपण मरणाच्या गोष्टी करत असतो आणि त्यांनी मात्र सभ्य राहायचं, हा अन्याय आहे.

वहिनींनी तिकडं वेगळंच आरंभलं होतं. त्यांनी नात्यातल्या झाडून सगळ्यांना फोन लावले आणि सुटल्यासारख्या आवाजात सांगितलं, "तसलं काही नाही हो, ब्लड कॅन्सरच आहे!" कॅन्सर निघाला म्हणून एवढा आनंद झालेलं आमचं एकच घर असेल. दादा म्हणाले, "ऑफिसात पाटीच लाव बाळू. मला कॅन्सर हाय, ते नाय." त्यांना हा विनोद वाटत नव्हता. पाटीचं माप पण सांगितलं त्यांनी.

आणि खरं सांगतो, मी पाटी लावणार होतो. पेंटरशी बोललो होतो.

गोळी कुठं भेटते

माझी गोळी एका मदत योजनेतून सुरू झाली. जेवणावर घ्यायची, वर भरपूर पाणी. मळमळायचं, सकाळी डोळे सुजायचे, पोटरीत गोळे यायचे. पण पाणथरी उतरायला लागली. एक दिवस आख्खी भाकरी खाल्ली आणि अलका ताटाकडंच बघत बसली.

त्याच दिवसांत गुलाब गाडी खाली करून ऑफिसात आला. दुपारची वेळ, बाकी कोणी नव्हतं. चहा मागवला, कप माझा, बशी त्याची. अर्धी बशी झाल्यावर त्यानं दार लोटून घेतलं.

"शेठ, ती तुमची गोळी कुठं भेटते?"

"कशाला रे?"

"पॉझिटिव्हवर नवीन गोळी निघाली म्हणत्यात. तुम्ही तर पार सुधारले. मला बी पाहिजे."

मी कप खाली ठेवला. तो म्हणाला, "दोन वर्सं झाली. इंदूरला तपासलं व्हतं. मंगलला बी नाय सांगितलं. त्या दिवशी तुम्ही एवढ्या लोकांत, न लाजता, हसून ओरडले ना, तवा मला वाटलं, आपल्यासारखा कोणीतरी हाय. लय धीर आला शेठ."

मंगल म्हणजे त्याची बायको. अलका तिला लुगडं-चोळी करायची.

मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? ज्या पाटीवर मी रंगारी लावणार होतो तीच पाटी मला त्याच्या तोंडावर धरायची होती: मला कॅन्सर आहे, ते नाही. त्याला एकच सोबती सापडला होता आणि तोही चुकीच्या शब्दामुळे. पण चुकीची गोळी दिली असती तर त्याचा जीव गेला असता. म्हणून मॅडमनी मला सांगितलं तसंच मी त्याला सांगितलं. की प्रत्येक आजाराची खूण वेगळी. माझी गोळी माझ्या खुणेवर बसते, तुझ्यावर ती बसणार नाही. तुझं पॉझिटिव्ह वेगळं, माझं वेगळं.

त्यानं हातातली बशी जराशी फिरवली. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही खरंच सांगत व्हते त्या दिवशी."

"हो."

"मला वाटलं झाकताय. मी बी असाच झाकतो."

त्यानं बशी खाली ठेवली, जरा बाजूला, माझ्या हाताला लागणार नाही अशी. तेवढं मला बघवलं नाही. बशीत चहा उरला होता. मी ती उचलली आणि उरलेला पिऊन टाकला. मन कचरलं का? एक क्षण कचरलं. पोस्टर भिंतीवर असणं वेगळं आणि बशी ओठांशी असणं वेगळं. गुलाब भिंतीकडं तोंड करून रडला.

पेंटरला मी नको म्हणून सांगितलं. ज्याला जे समजायचंय ते समजू दे म्हटलं. दादा महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

वर आणि खाली

गुलाबला मी माझ्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी सिव्हिल हॉस्पिटलची वाट दाखवली. मंगलला सांगण्याचं काम अलकानं अंगावर घेतलं. दोघी स्वयंपाकघरात दार लावून बसल्या. आतून आवाज आला नाही, भांडं पडल्याचासुद्धा नाही. मग दोघी मिळून तपासणीला गेल्या. मंगल निगेटिव्ह निघाली. अलका घरी येऊन देवापुढं दिवा लावताना म्हणाली, "यांच्यासाठी पॉझिटिव्ह मागितलं होतं, मंगलसाठी निगेटिव्ह. उलटसुलट केलं नाहीस, बरं झालं."

पुढं सिव्हिलमध्ये त्याच्या आजाराची औषधं फुकट मिळायला लागली. पण तिथंही आकडा आडवा आला. अंगातल्या एका जातीच्या पेशी मोजायच्या, त्या ठरलेल्या रेषेखाली गेल्या की मगच औषध, असा तेव्हाचा नियम. गुलाब रेषेच्या जरा वर. परत पाठवला. मला येऊन म्हणाला, "औषध भेटाया अजून आजारी पडाया पाहिजे म्हणं." मी त्याला माझ्या वेळचं सांगितलं, देवाकडं पॉझिटिव्ह मागितल्याचं. तेव्हा कुठं हसला. काही महिन्यांनी आकडा घसरला, औषध सुरू झालं आणि आकडा पुन्हा चढायला लागला.

माझीही दर काही महिन्यांनी मुंबईची टेस्ट असायची. तीच खूण मोजायची, पण आता ती कमी व्हायला हवी. पहिला रिपोर्ट आला, खूण बरीच उतरलेली, पण पॉझिटिव्ह. दादांनी लासलगावात पेढे वाटून टाकले.

"दादा, आता निगेटिव्ह पाहिजे!"

"मागं तर पॉझिटिव्ह पाहिजे व्हतं. तुम्ही डॉक्टर लोकांनी एकदाचं काय ते ठरवा ना."

मी कधी डॉक्टर झालो ते मला कळलं नाही. पण त्यांचा गोंधळ काही खोटा नव्हता. गोळी मिळण्यासाठी खूण असावी लागते आणि गोळी मिळाल्यावर ती नसावी लागते. माझा आकडा खाली यायला हवा होता, गुलाबचा वर जायला हवा होता. आमच्या ऑफिसात दोन माणसं बसून एकमेकांचे आकडे विचारायची आणि बाहेरच्यांना वाटायचं मालाच्या भावाचं चाललंय.

हळू का सांगता

मग बऱ्याच वाट बघण्यानंतर मुंबईहून फोन आला. तोवर हातात मोबाइल आले होते, पण द्वारकेचे हॉर्न तेच. गुलाब समोर बसला होता. मॅडम स्वतः बोलत होत्या. म्हणाल्या, खूण सापडत नाही. याचा अर्थ आजार मुळापासून गेला असा धरू नका, गोळी चालूच ठेवायची. पण रिपोर्ट निगेटिव्ह आहे.

मी फोन ठेवला आणि चहाच्या कपाकडं बघत राहिलो. माझ्या घशाशी ती आरोळी आली होती. पण समोर गुलाब होता. त्याचा आकडा कितीही चढला तरी हा शब्द त्याच्या रिपोर्टवर कधी येणार नव्हता. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"काय म्हणल्या मॅडम?"

"बरं आहे."

"बरं म्हणजे काय आलं?"

"निगेटिव्ह," मी हळूच म्हणालो.

गुलाब उठला. "मग हळू काय सांगता? पॉझिटिव्ह व्हतं तवा अख्ख्या द्वारकेला सांगितलं ना?" मी नको नको म्हणतोय तोवर तो दारात जाऊन उभा राहिला आणि बाहेर गाड्यांपाशी उभ्या असलेल्यांना त्याच्या त्या घोगऱ्या आवाजात ओरडून म्हणाला, "आमचे शेठ निगेटिव्ह आले रे!" चहाच्या उपासवाला त्यात होता. तो हातातलं फडकं खाली टाकून आत आला, काय करावं ते न सुचून त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "शेठ, मला बी चहा सांगा."

हे सगळं लिहू का, असं मी गुलाबला विचारलं होतं. म्हणाला, "लिहा, नाव तेवढं बदला." नवं नाव त्यानंच निवडलं. गुलाब. मी म्हणालो, हे कुठून काढलं? म्हणाला, "मंगलला आवडतं."

त्या दिवशी तो दारातून परत येऊन बसला तेव्हा त्याच्या बशीतला चहा निवून त्यावर साय धरली होती. मी माझा गरम कप त्याच्याकडं सरकवला आणि त्याची बशी तोंडाला लावली. या वेळी मन कचरलं नाही.